आमचा ड्रोन आणि बाबांचा टेप

मागच्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी शाळेत जाण्याचा योग आला. नववी-दहावीच्या मुलांना जमीन मोजणीचे काम कसे चालते ते सांगावे, असे मुख्याध्यापिकाबाईंनी सुचवले होते. आम्ही दोघे भाऊ याच शाळेत शिकलो, याच मैदानावर गुडघे फोडून घेतले. तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. तासभर बोललो खरे, पण मुलांचे लक्ष आमच्यापेक्षा टेबलावरच्या काळ्या पेटीकडे होते. पेटी उघडून ड्रोन बाहेर काढला तेव्हा एका मुलाने विचारलेच, "दादा, याला कॅमेरे किती?" "एकच," असे सांगताच त्याचा चेहरा उतरला. त्याने कुठेतरी चार-पाच डोळ्यांचा ड्रोन पाहिला असावा.

मागे बसलेल्या एका विश्वस्त काकांनी नंतर आम्हाला बाजूला घेतले. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी ड्रोन घ्यावा असा विचार चालू आहे, देणगीही मिळण्यासारखी आहे. "घ्यायचाच तर सगळ्या सेन्सरांसकट घ्यावा का? पुन्हा पुन्हा कोण पैसे देणार?" हा त्यांचा प्रश्न. उभ्याउभ्या उत्तर देणे जमले नाही. संपादकांनी लिहून द्या म्हटले, म्हणून हा लेख. यात आमची एक चूकही आली आहे. ती वगळली असती तर उत्तर अर्धेच राहिले असते.

आमचे बाबा नोकरीत असताना नकाशे काढत. घरात एका ट्रंकेत ओळंबा, साखळीचा एक तुकडा, निरनिराळ्या जाडीच्या पेनांचा डबा आणि कातडी घरातला तीस मीटरचा टेप असे. आम्ही धंद्यात पडलो तेव्हा साखळी गेली होती आणि टोटल स्टेशन आले होते. म्हणजे दुर्बीण, कोन मोजणारे चक्र आणि प्रकाशकिरणाने अंतर मोजणारे यंत्र, सगळे एकाच तिपाईवर. काम चोख होई, पण एकेका बिंदूवर माणसाला काठी घेऊन उभे करावे लागे. सांवेरकडची वीस एकर जमीन मोजायची तर दोन दिवस काळ्या मातीत पाय रुतवत फिरायचे. ड्रोन तेच काम सकाळच्या चहापूर्वी करतो, असे ऐकू येऊ लागले आणि आम्हालाही तो घ्यावासा वाटू लागला.

काळही अनुकूल होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि मोजणीवरचे बरेचसे जुने निर्बंध उठवले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला नवे ड्रोन नियम आले. आम्ही प्रत्यक्ष खरेदीला निघालो तेव्हा मात्र परदेशी ड्रोन आयात करण्यावर बंदी आली होती (फेब्रुवारी २०२२, संशोधन, संरक्षण व सुरक्षेची कामे तेवढी वगळली होती). तेव्हा देशी ड्रोनच पाहायचे ठरले. या क्षेत्रात आपली माणसे मागे नाहीत. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ साली आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. '३ इडियट्स' चित्रपटात खिडकीपर्यंत उडत जाणारे जे यंत्र दिसते ते त्यांचेच.

पैशांची जमवाजमव हा स्वतंत्र अध्याय आहे. थोडे बँकेचे कर्ज, थोडी आईची भिशी, जुनी गाडी विकून आलेले थोडे, असे सगळे मिळून साडेसात लाख झाले. एका विक्रेत्याने सुपर कॉरिडॉरच्या बाजूला मोकळ्या जागेत प्रात्यक्षिक दाखवले आणि आमच्यातला धाकटा तिथेच विरघळला. पिकाची तब्येत रंगात दाखवणारा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा, उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा आणि लेसरचे किरण सोडून झाडीखालची जमीन मोजणारा लायडार, असे सगळे त्या विक्रेत्यापाशी होते. मल्टिस्पेक्ट्रलसाठी आणखी अडीच-तीन लाख सांगितले. लायडारची किंमत ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो, कारण ती आख्ख्या ड्रोनच्या दुपटीहून जास्त होती.

घरी आल्यावर चर्चा रंगली. "एकदाच काय ते घेऊन टाकू, मागे पडायला नको," असे धाकट्याचे म्हणणे. थोरल्याला हप्ते दिसत होते. बाबा पोहे खात ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, "गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडे पिकाचा रंग विचारायला किती जण आले?"

त्या रात्री आम्ही जुन्या कामांच्या वह्या काढल्या आणि कामांची यादी केली. एकूण एकेचाळीस कामे निघाली. प्लॉट आणि कॉलनीच्या आखणीची एकोणतीस, रस्ते व नाल्यांच्या उंच-सखलपणाची सात, तलाव आणि खाणीतल्या मातीचे घनफळ काढण्याची चार, आणि शेताच्या पाहणीचे एक. जंगलाचे एकही नाही. यादी समोर आल्यावर भांडायला काही उरले नाही.

मुलांना प्रत्येक सेन्सरविषयी कुतूहल होते, म्हणून आम्हाला जे समजले ते थोडक्यात सांगतो.

साधा रंगीत कॅमेरा हाच मोजणीचा मुख्य डोळा. ड्रोन ठरलेल्या ओळींत उडतो आणि एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढलेली छायाचित्रे घेतो. एकच वस्तू अनेक कोनांतून दिसली की संगणक तिची जागा आणि उंची काढतो. आपले दोन डोळे अंतर ओळखतात तसेच. चांगला कॅमेरा १२० मीटर उंचीवरून साधारण तीन सेंटीमीटरची वस्तू वेगळी दाखवतो. मात्र उडताउडता फोटो काढायचे असल्याने त्याचा शटर यांत्रिक असावा, सगळे चित्र एकाच क्षणी टिपणारा. चित्र ओळीओळीने टिपले गेले तर कडा किंचित तिरक्या होतात आणि मोजमाप बिघडते. आमच्या मते जास्तीचा पैसा पहिल्यांदा इथे घालावा.

मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतो. निरोगी पान तो प्रकाश भरपूर परत फेकते, आजारी पान कमी. आपला माळवा सोयाबीनचा. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इंदूरलाच आहे, त्यामुळे हा कॅमेरा इथे उपयोगाचा नाही असे कोण म्हणेल? पण तो पीक कुठे त्रासात आहे ते सांगतो, का ते सांगत नाही. पिवळा मोझॅक, पाण्याचा ताण की खताची उणीव, हे ठरवायला शेतीचा जाणकार बांधावर जावाच लागतो. शिवाय दर उड्डाणाआधी ठरावीक राखाडी पट्टीचा फोटो घेऊन प्रकाश जुळवावा लागतो, आणि तेच शेत हंगामात अनेकदा पाहावे लागते. खरिपात ढग आणि पाऊस असतोच. हे सगळे करणारा माणूस आमच्याकडे नव्हता. माणूस नसता तर कॅमेरा कपाटात राहिला असता.

थर्मल कॅमेऱ्याने सौर पॅनेलचा तापलेला खराब भाग पटकन सापडतो. इंदूर महापालिकेने जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी २०२३ साली हरित रोखे काढले. अशी कामे वाढतील तसा हा कॅमेरा पोट भरून देईल. पण त्याच्याविषयी गैरसमजही फार. ३० मार्च २०२३ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात झाकलेल्या बावडीवरचे छत कोसळून ३६ जणांचे प्राण गेले. त्यानंतर आम्हाला दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली: आमच्या आवारात जुनी विहीर बुजवलेली आहे म्हणतात, ड्रोनने दिसेल का? आम्ही नाही म्हणून सांगितले. ड्रोनचा कॅमेरा पृष्ठभाग पाहतो. स्लॅबखालची पोकळी तो खात्रीने दाखवू शकत नाही, थर्मलही नाही. त्यासाठी जुने नकाशे शोधावेत, वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि जमिनीवरून तपासणाऱ्या अभियंत्याला बोलवावे. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे न दिसणारी गोष्ट दिसते म्हणून पैसे घेणे आम्हाला जमले नसते.

लायडारचे किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, म्हणून दाट झाडीत तो हवाच. सोयाबीन कापल्यावरच्या उघड्या रानात मात्र साध्या फोटोंवरून निघणारी उंची आमच्या कामाला पुरते.

उरली ती आरटीके नावाची सोय. जमिनीवर एक उपग्रह-यंत्र स्थिर ठेवायचे आणि त्याने दिलेल्या दुरुस्तीवर ड्रोनने प्रत्येक फोटोची जागा दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत नेमकी नोंदवायची. हीच दुरुस्ती नंतर कार्यालयात बसून केली की तिला पीपीके म्हणतात. आखणीची कामे जास्त असल्याने ही सोय आम्ही घेतली. एक चांगला कॅमेरा, आरटीके, दोन जादा बॅटऱ्या आणि आमच्यापैकी एकाचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र, एवढ्यात पैसे संपले. हिशेब चांगला जमला असे वाटले.

आता चुकीची गोष्ट.

सांवेर तालुक्यातल्या एका गावी दोन चुलतभाऊ वडिलोपार्जित शेत वाटून घेत होते. तहसिलीत सीमांकनाचा अर्ज देण्याआधी आपसांत रेघ ठरावी म्हणून त्यांनी आम्हाला बोलावले. दोन शेतांच्या मधोमध एक विहीर होती. तिचे पाणी दोघांचे, असे वडीलधारे सांगत आलेले. बांधाच्या टोकाला गवतात पटवारी ज्याला 'चांदा' म्हणतात तसा जुना दगड होता. त्याची जागा आमच्याकडे पूर्वीच्या एका कामात नीट मोजलेली होती.

रीत अशी की उड्डाणाआधी जमिनीवर ठळक खुणा करायच्या, त्यांची जागा स्वतंत्रपणे मोजायची आणि नंतर नकाशावर त्या ताडून पाहायच्या. पण आता आमच्याकडे आरटीके होते. 'खुणांची गरज नाही' असे माहितीपत्रकात छापलेले होते आणि ऊन चढत होते. आम्ही खुणा केल्याच नाहीत. जमिनीवरचे यंत्र ज्ञात बिंदूवर लावण्याऐवजी सोयीच्या सावलीजवळ लावले आणि त्याला काही मिनिटांत स्वतःची जागा स्वतःच ठरवू दिली. बाबा हवापालटाला म्हणून बरोबर आले होते. आम्ही ड्रोन उडवत असताना त्यांनी एका मुलाला टेपचे टोक धरायला लावले आणि दगडापासून विहिरीच्या काठापर्यंतचे अंतर वहीत लिहून ठेवले. आम्ही हसलो.

रात्री नकाशा तयार झाला. इतका देखणा नकाशा आम्ही कधी केला नव्हता. विहिरीचा दोरसुद्धा दिसत होता. अहवालात अचूकता दोन सेंटीमीटर. त्यावर जुन्या दगडांच्या नोंदींवरून वाटणीची रेघ ओढली तेव्हा विहीर पूर्णच एका भावाच्या हिश्श्यात गेली. यंत्रच सांगते आहे म्हटल्यावर आम्ही नकाशा छापायला काढला. बाबांनी वही पुढे केली. टेपने अंतर २३.६० मीटर होते. दगडाची जुनी नोंद आणि आमच्या नकाशातली विहीर यांच्यातले अंतर २५ मीटर भरत होते. फरक एक मीटर चाळीस सेंटीमीटर.

चूक कळायला मध्यरात्र झाली. ड्रोनचे सगळे फोटो एकमेकांशी दोन सेंटीमीटरपर्यंत जुळलेले होतेच. पण ज्या यंत्राच्या आधारावर ते उभे होते, तेच आपल्या खऱ्या जागेपासून सरकलेले होते, म्हणून सगळा नकाशा तेवढाच सरकला. मुलांनो, वर्गातल्या सगळ्यांनी घड्याळे एकमेकांशी सेकंदापर्यंत लावली, पण ज्याच्यावरून लावली त्याचेच घड्याळ पाच मिनिटे मागे असले तर काय होईल? सगळा वर्ग एकमताने उशिरा पोचेल. दगड गवतात दडलेला आणि त्यावर आम्ही खूण केलेली नव्हती, म्हणून तो फोटोत दिसला नाही. दिसला असता तर चूक तिथल्या तिथे सापडली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गावी गेलो आणि दोन्ही भावांना एकाच ओसरीवर बसवून सांगितले की काल आमची चूक झाली, आज फुकट पुन्हा मोजतो. मान खाली घालावी लागली. या वेळी यंत्र ज्ञात बिंदूवर लावले, दगडाभोवतीचे गवत काढले, सात ठिकाणी चुन्याने पांढरे फुलीचे चिन्ह केले. पाच जुळवण्यासाठी आणि दोन फक्त तपासण्यासाठी. रेघ विहिरीच्या मधून गेली. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "आजोबा हेच सांगायचे." तो देखणा नकाशा आम्ही त्यांच्या हातात दिला असता तर काय झाले असते, याचा विचार अजूनही कधीकधी झोप उडवतो.

परतताना बाबांनी गाडीत एक जुनी गोष्ट सांगितली. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजून सुरू केली. १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले आणि आपल्याच प्रदेशातल्या सिरोंजजवळ १८२४-२५ मध्ये नवी पायारेषा मोजली. गणिताने तिची लांबी निघत असताना ती पुन्हा जमिनीवर मोजण्याचे कष्ट कशासाठी? तर गणित कुठे चुकले आहे का ते कळावे म्हणून. पुढे चांगली उपकरणे आल्यावर तीच रेषा त्यांनी पुन्हा मोजली. हत्ती, तंबू, शेकडो माणसे बरोबर असलेल्या त्या लोकांनीही ताळा पाहण्यात कंजुषी केली नव्हती. आम्ही एक पिशवी चुना वाचवला होता.

त्या चुन्याचे महत्त्व सरकारी कामातही दिसते. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची मोजणी ड्रोनने होते. जानेवारी २०२५ पर्यंत तीन लाखांहून अधिक गावांवरून ड्रोन उडून झाले होते. उड्डाणाआधी गावकरी आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात. रेघ कुठून न्यायची यावर शेजाऱ्यांनी आधी बोलावे लागते. ते बोलणे कोणताही सेन्सर करून देत नाही. पॅट्रिक गेडिस १९१७-१८ मध्ये होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदूरला आले, तेव्हा तेही नगररचनेची सूचना करण्याआधी गल्लीबोळांतून पायी हिंडले होते.

मग जास्तीचे सेन्सर व्यर्थ का? तसेही नाही. थर्मल कॅमेरा नसल्याने आमचे सौर पॅनेलचे एक चांगले काम हातचे गेले. महूकडच्या एका टेकडीवर घाणेरीची झुडपे इतकी माजली होती की आमच्या नकाशात जमिनीऐवजी झुडपांची शेंडे मोजली गेली. शेवटी लायडार असलेल्या माणसाला भाड्याने बोलवावे लागले. त्यातून आम्ही एक नियम केला. एखादा सेन्सर आधी भाड्याने घ्यायचा. वर्षात तीनदा-चारदा त्याच कामासाठी भाडे भरावे लागले तर विकत घेण्याचा विचार करायचा. तोवर पैसा बॅटऱ्यांवर, शिक्षणावर आणि आपली चूक दाखवणाऱ्या वस्तूंवर.

आता विश्वस्त काकांच्या प्रश्नाकडे येतो. शाळेने मोजणीचा महागडा ड्रोन घेऊ नये, असे आम्हाला वाटते. २५० ग्रॅमच्या आतला साधा, चांगल्या कॅमेऱ्याचा ड्रोन शिकण्यासाठी पुष्कळ आहे. व्यापारी काम नसेल तर त्याला वैमानिक प्रमाणपत्रही लागत नाही. मात्र विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून उडवता येत नाही, आणि शहराचा बराच भाग त्यात येतो. म्हणून सरकारी हवाई नकाशा आधी पाहावा आणि मुलांना शहराबाहेर मोकळ्या रानात न्यावे. उडवताना मोठे माणूस हजर असावेच. फोटो जोडून नकाशा करण्यासाठी ओपनड्रोनमॅप आणि तो पाहण्यासाठी क्यूजीआयएस ही दोन्ही फुकट मिणाऱ्या प्रणालींत मोडतात. देणगीतून उरलेल्या पैशांत चार चांगले टेप, दोन ओळंबे आणि एक लेव्हल यंत्र घ्यावे. एखाद्या वर्षी मुलांनीच 'आम्हाला हे मोजायचे आहे आणि यात ते दिसत नाही' असा प्रश्न आणला, की त्या प्रश्नासाठी सेन्सर जरूर घ्यावा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका रविवारी आम्ही आमचा ड्रोन घेऊन येऊ. आदल्या दिवशी मुलांनी खेळाच्या सामानातली फक्की आणि टेप काढून ठेवावेत. आधी मैदान हाताने मोजू, वहीत लिहू, मग रानात जाऊन तेवढीच आखणी करून ती वरून मोजू, आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहू. बाबा येतो म्हणाले आहेत. टेपचे दुसरे टोक धरायला त्यांना एक मुलगा किंवा मुलगी लागेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. येताना टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नये.